बाईंचा सत्कार अकरा वर्षं का झाला नाही

माणूस खरोखर कामाचा निघाला तर त्याचा सत्कार करायचा नाही, असा आमच्या सेवा क्लबाचा नियम आहे. घटनेत तो सापडणार नाही. बैठकीत चहा किती वेळा यावा, बिस्किटं गोड असावीत की खारी, हे घटनेत आहे. आम्ही मनापासून पाळतो तो नियम मात्र तोंडी आहे. मी या क्लबाचा चौदा वर्षांपासूनचा सचिव आणि धंद्याने दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलत राहायची मला सवय आहे, तेव्हा आता ऐकून घ्या.

पूर्वी आम्हीही सरळमार्गी होतो. जो वर्षभर सगळ्यात जास्त राबला त्याला वार्षिक समारंभात बोलवायचं, एक लाकडी ढाल, एक मानपत्र आणि फुलांचा गुच्छ द्यायचा, टाळ्या वाजवायच्या. पहिली ढाल चष्मेवाल्याला दिली. सात वर्षं दर शनिवारी त्याने म्हाताऱ्यांचे डोळे फुकट तपासले होते. गड्याने ढाल घेतली, भाषण केलं, स्वतःचे डोळे पुसले, आणि पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. विचारायला गेलो तर म्हणाला, "आता नव्या लोकांना संधी द्या." नवे लोक कुठले? नव्या लोकांना चष्म्याचे नंबर काढता येतात का? दुसऱ्या वर्षी आमची रुग्णवाहिका चालवणाऱ्या ड्रायव्हरला दिली. समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासून त्याची पाठ दुखायला लागली, ती आजतागायत दुखतेय. तिसऱ्या वर्षी शिवणवर्ग चालवणाऱ्या ताईंना दिली. त्या तर दुसऱ्या क्लबांमध्ये प्रमुख पाहुण्या म्हणून जायला लागल्या आणि आमच्या यंत्रांवर धूळ बसली.

चौथ्या वर्षी अध्यक्षांच्या डोक्यात प्रकाश पडला. आमचे अध्यक्ष फरशांचे व्यापारी. फरशी दिसली की ते आधी टिचकी मारून ती पोकळ आहे का ते बघतात, आणि माणसांनाही त्याच नजरेने बघतात. ते म्हणाले, "डॉक्टर, सत्कार झाला की माणूस जातो ना? मग जो जायला हवा आहे त्याचाच करू की."

त्या वर्षी बासरीवाल्याला ढाल मिळाली. हे गृहस्थ दर बुधवारी वृद्धाश्रमात जाऊन बासरी वाजवायचे. हे थांबवा म्हणून म्हाताऱ्यांनी सह्यांचा अर्ज दिला होता. त्यात ज्यांना ऐकू येत नाही अशा दोघांच्याही सह्या होत्या. सत्कार झाला आणि वृद्धाश्रमात पुन्हा बुधवार यायला लागला. मानपत्रं मीच लिहितो. 'आपल्या सुरांनी ज्येष्ठांच्या आयुष्यावर केलेला परिणाम ते कधीच विसरणार नाहीत,' असं लिहिलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पुढल्या वर्षी रक्तदान शिबिरात भाषण करणाऱ्याला दिली, कारण सुई टोचण्याआधीच दोन दाते आडवे झाले होते. मग ही रीतच पडली. दरवर्षी कोणाचा तरी जाच संपायचा आणि जाणाराही खूश व्हायचा.

अशा क्लबात बाईंचा सत्कार होणं शक्यच नव्हतं.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. अर्ध्या शहराला त्यांनी पाढे शिकवलेत. अध्यक्षांना चौथीत असताना त्यांनी बाकावर उभं केलं होतं, आणि आजही त्या बैठकीला आत आल्या की अध्यक्ष बसल्या जागी सावरून बसतात. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि क्लबाच्या मागच्या खोलीचा ताबा घेतला. त्या खोलीत व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, डोक्याकडून वर होणारे पलंग, हवेच्या गाद्या असं आजारी माणसाला लागणारं सामान असतं. लागेल त्याने न्यावं, काम झालं की परत आणून द्यावं.

देणं सोपं असतं. देताना आशीर्वाद मिळतात, फोटो निघतो, त्यासाठी अध्यक्षही हजर असतात. खरी गोम परत आणण्यात आहे. पेशंट बरा झाला तर तो स्वतःच वॉकर घेऊन येतो, वर बिस्किटांचा पुडा देतो. पण बरा झाला नाही तर आपल्याला जावं लागतं. ज्या घरातून माणूस गेला त्या घराचं दार वाजवायचं आणि त्याची खुर्ची परत मागायची. लोकांना ती खुर्ची बघवत नाही आणि देववतही नाही. कोणी तिच्यावर कपडे वाळत घालतं, कोणी तिला कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवतं. आणि तिकडे दुसऱ्या घरात मांडीचं हाड मोडलेली आजी अंथरुणात पडून वाट बघत असते.

हे काम फक्त बाईंना जमायचं. त्या जायच्या, अर्ध्या-पाऊण तासात खुर्ची घेऊन यायच्या, आणि त्या घरचे लोक पुढे रस्त्यात भेटले की बाईंना थांबवून बोलायचे. त्या करतात काय, हे कोणी विचारलं नाही. एकदा त्यांना टायफॉइड झाला, सहा आठवडे झोपून होत्या. तेव्हा अध्यक्ष स्वतः एक वॉकर आणायला गेले. दारातच म्हणाले, "वडील गेल्याचं कळलं फार वाईट झालं वॉकर कुठाय?" हे सगळं एका श्वासात. त्यांना त्या घरातल्या थोरल्या मुलाने जिन्यावरून खाली आणून सोडलं. मी एका घरी पलंग आणायला गेलो आणि तिथल्या तिघांचे दात तपासून परत आलो. पलंग तिथेच. सहा आठवड्यांत एक वस्तू परत आली नाही आणि वाट बघणाऱ्यांची यादी दोन पानं भरून गेली.

तेव्हापासून आम्ही पक्कं ठरवलं. काहीही झालं तरी बाईंना ढाल नाही. दरवर्षी त्या तिसऱ्या रांगेत बसायच्या आणि ज्याला आम्ही हाकलत असू त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या.

एका मंगळवारी दुपारी बाई माझ्या दवाखान्यात आल्या आणि सरळ पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी दिवा त्यांच्या तोंडावर घेतला.

"काय दुखतंय?"

"काही नाही. तो दिवा बाजूला करा. यंदा माझा सत्कार करा."

मी आरसा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. "बाई, तुमचा? अहो, तुम्ही या सगळ्याच्या पलीकडे आहात."

"पलीकडे बिलीकडे काही नाही. अकरा वर्षं झाली, डॉक्टर. मला ढाल हवी, मानपत्र हवं, आणि ते तुम्ही उभं राहून खणखणीत आवाजात वाचायचं."

"पण अचानक असं का?"

"हवं आहे म्हणून. तोंड मिटा, माशी जाईल."

त्या उठून गेल्या. बाहेर बसलेल्या पेशंटने मला विचारलं, त्यांचा दात काढला का. मी म्हटलं, त्यांचा नाही.

त्याच आठवड्यात कार्यकारिणीची बैठक लावली. विषय सांगितला तेव्हा अध्यक्षांच्या हातातलं बिस्कीट चहात बुडलं आणि त्यांनी ते शोधलंही नाही.

"त्यांच्या डोक्यात हे घातलं कोणी?" ते म्हणाले. "सत्कार केला की त्या जाणार. मग खुर्च्या कोण आणणार? मी? मी त्या जिन्यावरून एकदा उतरलोय."

मग तोडगे निघाले. एक जण म्हणाला, ढाल नको, नुसता विशेष उल्लेख करू. दुसरा म्हणाला, त्या खोलीलाच बाईंचं नाव देऊ. त्यावर तिसरा म्हणाला, "नाव देतात ते माणूस गेल्यावर," आणि तोही तोडगा बारगळला. शेवटी ठराव झाला की यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी नक्की, असं बाईंना गोडीत सांगावं. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. मीही केला. ते लपवण्यात अर्थ नाही.

"सांगणार कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही रोज लोकांना दुखणार नाही म्हणून सांगता."

घरी येऊन बायकोला हे सांगितलं, ही माझी दुसरी चूक. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अकरा वर्षं फुकट राबवून घेतलंत आणि आता एक लाकडाची फळी द्यायला जीव जातोय?"

"अगं, पण त्या गेल्या तर?"

"तर तुम्ही जा खुर्च्या आणायला. पाय आहेत ना? माणसाला चांगलं म्हणायचं तर तुमच्या जिवावर येतं. मला तरी तीस वर्षांत कधी म्हणालात?"

"तुझ्या बाबतीतही तीच भीती आहे," मी म्हणालो. मला वाटलं होतं ती हसेल. ती दोन दिवस बोलली नाही.

शनिवारी सकाळी मी क्लबाच्या मागच्या खोलीत गेलो. मनाशी वाक्य घोकत होतो, 'पुढच्या वर्षी नक्की.' बाई पदर खोचून एका व्हीलचेअरचं चाक ब्रशने घासत होत्या. मला बघताच त्यांनी हात धुतले.

"बरं झालं आलात. गाडी आणली आहे ना? चला. एका कंडक्टरकडे जायचंय."

"बाई, मला जरा बोलायचं होतं."

"येताना बोला. आणि तिथे काही बोलू नका."

कंडक्टर म्हणजे बसमधून निवृत्त झालेले, सत्तरीचे. बायको जाऊन पाच आठवडे झाले होते. दोन खोल्यांचं घर, सगळं नको इतकं जागच्या जागी. व्हीलचेअर स्वयंपाकघराच्या दारात, वाटेतच उभी होती, आणि ते गृहस्थ आत-बाहेर करताना अंग चोरून तिच्या बाजूने जात होते. खुर्ची चार बोटं सरकवली असती तर वाट मोकळी झाली असती. त्यांनी सरकवली नव्हती.

त्यांनी पाणी दिलं. बाई स्टुलावर बसल्या. काही बोलल्याच नाहीत. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. माझा स्वभाव असा की कोणी गप्प बसलं की मला वाटतं भूल चढली, आता सुरू करावं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "त्याचं असं आहे, आमच्याकडे एक पेशंट..." बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. शाळेत आयुष्य काढलेली बाई पाय कुठे द्यायचा ते बरोबर ओळखते.

"इथेच बसायच्या का?" त्यांनी कंडक्टरांना विचारलं. "मला वाटलं होतं खिडकीपाशी बसत असतील."

"खिडकी नकोच असायची तिला," ते म्हणाले. "इथंच. मी स्वयंपाक कसा बिघडवतो ते बघायला. कांदा जाड चिरला, मीठ कमी, गॅस मोठा. सात महिने! मी म्हणायचो, बाई गं, बसमध्ये साठ माणसं कमी बोलतात."

"शेवटी जमायला लागलं का?"

"काय?"

"स्वयंपाक."

"जमायला लागला," असं म्हणून ते रडले. बाईंनी त्यांना रडू दिलं. पाठीवर हात फिरवणं नाही, 'होणारं चुकत नाही' नाही, काही नाही. त्यांचं रडून झाल्यावर बाईंनी पिशवीतून एक कागद काढला.

"तीन जण वाट बघताहेत. यातलं कोणाला द्यायची ते तुम्ही सांगा. एक रिक्षावाला आहे, पाय मोडलाय. एक निवृत्त साहेब आहेत. आणि एक आजी आहेत, पडल्यात."

कंडक्टरांनी कागद घेतला, पण वाचला नाही. "ती आजी बोलते का खूप?"

"सुनेने मला फोन केला तेव्हा मागून त्यांचाच आवाज जास्त येत होता."

"मग तिलाच द्या. खुर्चीला सवय आहे." ते उठले, खाली वाकून त्यांनी ब्रेक काढला आणि खुर्ची स्वतःच ढकलत बाहेर आणली. "डाव्या बाजूचा ब्रेक सैल आहे, त्यांना सांगा," हे मला उद्देशून. जिना उतरताना पुढची बाजू त्यांनी धरली. मी धरतो म्हटलं तर हातच काढेनात.

चौदा वर्षं मी सचिव आहे. बाई गोड बोलून खुर्ची काढून आणतात, अशी माझी समजूत होती. त्या काही काढून आणतच नव्हत्या. घरचा माणूसच ती पुढच्या माणसाला द्यायचा. मला गाडीत बसल्यावर स्वतःची फार लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चुकीच्या वेळी खरं बोलतो.

"बाई, कार्यकारिणीने नाही म्हटलंय. मीही नाहीच म्हटलं. तुम्ही सत्कार झाल्यावर जाल म्हणून."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी काय तिसऱ्या रांगेत झोपायला बसते का? चष्मेवाला गेला, ड्रायव्हर गेला. मग तुम्ही बासरीवाल्याला दिलीत तेव्हाच मला कळलं. गेली सात वर्षं कोणाचा नंबर आहे ते मी आधीच सांगू शकते. जायचंय म्हणूनच तर मागतेय, डॉक्टर."

मी गाडी कडेला घेतली. "जायचंय तर नुसतं सांगायचं. आम्ही काय बांधून ठेवलंय?"

"नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही पाच जण दर आठवड्याला दारात येऊन बसला असता. बाई, एवढी एकच खुर्ची. बाई, एवढा एकच पलंग. ढाल दिली की तुम्ही येत नाही. आजवर कोणाकडे गेलाय का?"

मी कोणाकडेच गेलो नव्हतो.

त्या समोरच्या काचेतून बाहेर बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "सात नंबरची खुर्ची कुठे आहे ते माहीत आहे तुम्हाला? रजिस्टरमध्ये मी लिहिलंय. तुम्ही दर महिन्याला सही करता त्याच पानावर."

मी न वाचता सही करतो. ते त्यांनाही ठाऊक होतं.

"आमच्या घरी आहे," बाई म्हणाल्या. "फेब्रुवारीपासून. आमचे हे बसतात तिच्यात. डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय, कदाचित तेवढंही नाही. मी एवढ्या घरांमध्ये जाऊन बसलेय ना, मला माहीत आहे पुढे काय काय होतं. कोणत्या दिवशी लोक खुर्चीवर कपडे टाकायला लागतात तेसुद्धा माहीत आहे. त्या दिवशी मला क्लबाची बाई व्हायचं नाहीये. माझ्याच घरी मीच कागद घेऊन कशी बसणार? मला नुसतं घरचं माणूस व्हायचंय. खुर्ची मागायला दुसरं कोणीतरी यायला हवं. म्हणून तुम्हाला आज नेलं."

"मला?"

"अध्यक्षांना नेऊ का?"

मी किल्लीला हात घातला.  बाई म्हणाल्या, "चला, त्या आजी ताटकळल्या असतील. आणि दोन घरी येऊन बघा अजून. पहिल्या वेळी तुम्ही फार घसा साफ करता."

संध्याकाळी मी अध्यक्षांच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. ते एका फरशीवर टिचकी मारत उभे होते. ऐकून झाल्यावरही मारत राहिले. मग म्हणाले, "सतराचा पाढा त्यांनी शिकवला मला. बाकावर उभं करून." आणि दुकानातल्या पोराला न पाठवता स्वतःच चहा आणायला गेले, म्हणजे डोळे पुसायला गेले. ठराव त्यांनीच फिरवला.

मानपत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. 'सेवेचा वसा', 'चंदनासारखं झिजणं' असले शब्द माझ्या कपाटात डझनाने पडलेले असतात, पण ते सगळे बासरीवाल्यासारख्यांना देऊन झाले होते. शेवटी खरं तेच लिहिलं आणि समारंभात उभं राहून, सांगितल्याप्रमाणे खणखणीत वाचलं.

"या क्लबाने अकरा वर्षं बाईंचा सत्कार केला नाही, कारण आम्हाला त्यांची गरज होती. ज्यांची गरज नव्हती त्यांचे सत्कार आम्ही थाटात केले." इथे सभागृहात हशा झाला. आधीचे ढालवाले चार जण पुढच्याच रांगेत होते, ते हसले नाहीत. "बाईंनी मोडलेल्या माणसांना खुर्च्या दिल्या, हे कोणीही करेल. रडणाऱ्या माणसांकडून त्या परत घेतल्या आणि त्यांना हलकं करून आल्या, हे आम्हाला कोणालाच येत नाही. आज आम्ही त्यांना सोडतो आहोत. आमची इच्छा नाही."

अध्यक्षांनी ढाल दिली. ढाल हातात देताना ते वाकले, ते पुरतं वाकणं होतं. बाईंनी माईक घेतला.

"मानपत्रात एक वाक्य लांब झालंय, ते डॉक्टरांना नंतर सांगेन," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी येणार नाही. किल्ली त्यांच्याकडे आहे." आणि त्या खाली उतरून, तिसऱ्या रांगेत न थांबता, ढाल काखेत मारून घरी गेल्या. टाळ्या त्या दाराबाहेर पडल्यावर सुरू झाल्या.

आता खुर्च्या मी आणतो. पहिल्या घरी हात हलवत परत आलो. दुसऱ्या घरी मीच त्यांच्याआधी रडलो, तर त्यांनी मला पाणी दिलं आणि वर खुर्चीही दिली. तिसऱ्यापासून गप्प बसायला जमू लागलं. बायको म्हणते, गप्प बसण्याचा सराव घरीही करा. तिलाही मी त्याच रविवारी सांगून टाकलं की ती फार चांगली आहे. ती म्हणाली, "घाबरू नका, जात नाही कुठे."

बाईंकडे मात्र जायचं नाही असं ठरलं होतं. ढाल दिली की जायचं नाही. त्यांनी तेच तर मागितलं होतं. पाच आठवडे मी नेटाने गेलो नाही. सहाव्या रविवारी सकाळी सवयीने माझी दवाखान्याची बॅग घेऊन त्यांचं दार वाजवलं.

दार उघडलं आणि मला बघून बाईंचा चेहरा पांढरा पडला. "कशाला आलात?"

"सहज," मी म्हणालो. ते इतकं वाईट वाजलं की मला स्वतःलाही पटलं नाही.

आतून आवाज आला, "कोण आहे?" बाईंचे यजमान खिडकीपाशी सात नंबरच्या खुर्चीत बसले होते. पोस्टात होते ते, पूर्वी पाहिलं होतं तेव्हा सायकलवर मावत नव्हते. आता खुर्चीतच जागा उरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"अच्छा, डॉक्टर. खुर्ची न्यायला आलात?" ते म्हणाले. "जरा लवकर आलात हो. मी अजून बसलोय."

बाई दारातच थिजल्या.  गप्प बसण्याचा माझा सगळा सराव इथे काही उपयोगाचा नव्हता. मग ते हसले आणि हसताना त्यांची कवळी खाली घसरली, त्यांनी ती जिभेने सावरून परत बसवली. तेव्हा कुठे मला माझं काम दिसलं.

"खुर्चीचं मला काही ऐकवू नका," मी म्हणालो. "ती कवळी काढा आधी. किती दिवस झाले सैल होऊन?"

"चार महिने," बाई म्हणाल्या. "वजन उतरलं तशी. सगळं भिजवून देते मी. बिस्कीटसुद्धा."

"मग मला सांगायचं नाही?"

"ढाल घेतली ना मी," बाई म्हणाल्या.

मी बाह्या वर केल्या. कवळीच्या आतून मऊ अस्तर लावलं, ती त्यांच्या तोंडात बसवली, घट्ट दाबून धरली. ते माझा अंगठा चावत बोलायचा प्रयत्न करत होते, मी गप्प बसा म्हणत होतो. मला रडू येत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडात हात असताना डॉक्टरने रडू नये एवढं मला कळतं. घासून, पुसून, पुन्हा बसवून झाल्यावर मी बाईंना म्हटलं, "एक बिस्कीट आणा. कोरडं."

त्यांनी बिस्कीट चावलं. त्याचा कडक आवाज आला. बाई ऐकत उभ्या होत्या. शंभर घरांमध्ये कोरड्या डोळ्यांनी बसलेली ती बाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडली.

"हे बघा," यजमान मला म्हणाले, तोंडात बिस्कीट तसंच. "माणूस मेल्यावर लोक रडतात. हिला आत्ताच रडायचंय." मग त्यांनी बशीतून दुसरं बिस्कीट घेतलं. "पुढच्या रविवारी या, डॉक्टर. एवढ्यात काही मी खुर्ची रिकामी करत नाही."